भुरीच्या गळ्यातली घंटी

माझी शेवटची फील्ड पोस्टिंग उत्तरेच्या डोंगरात होती. जागेचं नाव लिहीत नाही. नियम आहे आणि आता सवयही झाली आहे. मी हवालदार होतो आणि माझ्या हाताखाली दहा जवानांचं सेक्शन होतं. पहाटे पेट्रोल म्हणजे गस्त, परत आल्यावर नाश्ता, मग शस्त्रसफाई आणि झोप, असा आमचा दिवस. पेट्रोल निघण्याआधी मी प्रत्येकाला जागेवर तीन उड्या मारायला लावायचो आणि शेजारी उभा राहून कान द्यायचो. पाण्याची बाटली डुचमळली, मॅगझिन खडखडलं किंवा रायफलच्या स्लिंगची कडी वाजली की तो जवान बाजूला. टेप लाव, चिंधी कोंब, पुन्हा उड्या मार. थंड हवेत आवाज फार लांब जातो. जवान मागून मला शिव्या घालत असणार, पण माझ्या सेक्शनचा आवाज कोणी ऐकला नाही.

लान्स नायक धनसिंगला या उड्यांचं फार हसू यायचं. तो आर्णी तालुक्यातल्या एका तांड्यावरचा, बंजारा. माझं गाव तिथून सात किलोमीटर. पलटणीत वऱ्हाडी बोलणारे आम्ही दोघंच.

"उस्ताद, माह्या पोटातली खिचडी वाजून राह्यली. तिले टेप लावू काय?"

"लाव. अन् तोंडालेबी लाव."

एका पेट्रोलवरून धनसिंग परत आला नाही. एस्कॉर्ट म्हणून मीच त्याला तांड्यावर घेऊन आलो. तिरंगा, सलामी, घोषणा, शेकडो लोक आणि त्यांचे मोबाईल, सगळं रीतसर झालं. त्याची बायको आधीच्या वर्षी तापानं गेली होती. मागे राहिले ते त्याचे म्हातारे वडील आणि सात वर्षांची काजल. ती आजोबांचं धोतर धरून उभी होती. रडली नाही. सगळा वेळ माझ्या बुटांकडे पाहत होती. "तुझे बापू लय शूर होते," एवढंच मी तिला म्हणालो. नेमकं काय झालं ते सांगितलं नाही. पुढे कधीतरी ही पोर मला विचारील, याची धास्ती मात्र त्या दिवसापासून मनात बसली.

त्याच वर्षी मी पेन्शनवर आलो आणि दर रविवारी तांड्यावर जाऊ लागलो. "रिटायर झाले, पण हजेरी काही सुटली नाही," असं माझी बायको म्हणते. पहिले कित्येक महिने काजल माझ्याशी बोललीच नाही. बिस्किटाचा पुडा घ्यायची आणि घरामागे पळायची. आजोबांशीही कामापुरतंच बोलायची.

मग भुरी आली.

सोयाबीनची सोंगणी चालू होती. सकाळी रोहींचा कळप रस्ता ओलांडत असताना एक मादी ट्रकखाली सापडली. रोही म्हणजे नीलगाय. नावात गाय आहे म्हणून शहरातली माणसं हात जोडतात. आमच्याकडे ती एका रात्रीत अर्धा एकर तूर साफ करते, त्यामुळे हात जोडायला कोणी जात नाही. दुपारी काजलला तुरीच्या ओळीत एक पिल्लू दिसलं. आजोबा म्हणाले, हात लावू नको, माय येईन त्याची.

"नाई येत. ते माय रस्त्यावर मेली. मी पाह्यलं," काजल म्हणाली आणि तिथंच बसून राहिली. दिवस मावळायला आला तेव्हा आजोबांनीच पिल्लू उचलून घरी आणलं.

रविवारी मी गेलो तर काजल बकरीचं दूध बाटलीनं पाजत होती. पिल्लाचे पाय काटकुळे, कान मोठे, अंग भुरकं. नाव ठेवलं होतं भुरी. भुरी तिच्यामागे शाळेपर्यंत जायची आणि शाळा सुटेपर्यंत भिंतीबाहेर चरायची. काजल तिच्याशी सारखी बोलायची. एकदा मी मोटरसायकल लांब लावून चालत आलो आणि ऐकलं. ती भुरीला बापूच्या गोष्टी सांगत होती. बापूनं बर्फात अस्वलाला पळवलं, बापू विमानातून उतरला. सगळ्या तिच्या मनच्या. खरी गोष्ट ज्याच्याकडे होती तो बिस्किटाचा पुडा घेऊन कुडाआड उभा होता. मला माझी लाज वाटली, पण त्या दिवशीही मी काही बोललो नाही.

भुरी मोठी झाली तशी लोकांच्या शेतात जाऊ लागली. एका सकाळी ती मानेवर गोफणीच्या दगडाची जखम घेऊन आली. काजल जखमेला हळद लावत होती. अशा वेळी फौजी माणूस गप्प बसत नाही, ऑर्डर काढतो. मी आर्णीच्या बाजारातून बैलाच्या गळ्यातली पितळी घंटी आणली, लाल पट्ट्यात ओवली आणि काजलच्या हातानं भुरीच्या गळ्यात बांधली. मग आजूबाजूच्या सगळ्या शेतांवर फिरलो.

"घंटीवाल्या रोहीले कोणी गोटा मारायचा नाई. नुकसान झालं त माह्याकडं या."

"फौजी, तुम्ही म्हणता म्हून. नाई त रोही अन् घंटी, काय थट्टा लावली हाय?"

पण लोकांनी ऐकलं. पुढे भुरीच्या अंगाला कोणी ओरखडा काढला नाही. माझी छाती दोन इंच फुगली होती. काजल आता माझ्याशी बोलू लागली होती. मला "फौजीकाका" म्हणायची आणि भुरीनं काय खाल्लं, कुठं लोळली, याचा सगळा रिपोर्ट द्यायची.

दुसऱ्या वर्षी तुरीला शेंगा धरल्या तेव्हा वनरक्षक मॅडम स्कूटीवर तांड्यावर आल्या. पाणी प्यायल्या, भुरीच्या कानामागे खाजवलं आणि मग माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही फौजेतले माणूस. तुम्ही तरी आम्हाले सांगाचं होतं. रोही पाळता येत नाई, गुन्हा हाय."

"पाळली नाई मॅडम. तेच येऊन राह्यते."

"कायद्याले ते समजत नाई. वरून लेखी आलं. पंधरा दिवसांनी गाडी येईन, तिले पिंजऱ्याच्या सेंटरात नेतीन. मंग ते जन्मभर तिथंच." मग त्यांनी आवाज खाली केला. "त्याच्या आंधी ते कळपात गेली, त मले तसं लिहून देता येते."

काजल सगळं ऐकत होती. मॅडम गेल्यावर तिनं मला एकच विचारलं.

"पिंजरा केवढा राह्यते?"

मी हातानं दाखवलं. ती भुरीच्या गळ्यात पडून रडली. बापाच्या वेळी न रडलेली पोर त्या दिवशी इतकी रडली की तिचे आजोबा उठून बाहेर निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही कामाला लागलो. तांड्याच्या खाली नाला आहे आणि नाल्यापलीकडे झुडपी जंगल. तिथं सकाळी सहाच्या सुमारास अकरा रोहींचा कळप यायचा. आम्ही साडेपाचला निघायचो, पळसाच्या झुडपाआड बसायचो आणि भुरीला पुढे हाकलायचो. ती जायची. कळपाच्या दोनशे पावलांवर पोचली की सगळ्या माना वर व्हायच्या आणि कळप धूम ठोकायचा. भुरी थोडी मागे धावायची, मग गोंधळून परत यायची आणि काजलच्या ओंजळीत तोंड खुपसायची.

"तिले कोणी जवळ घेत नाई," काजल म्हणायची.

मला वाटलं, माणसाचा वास येत असेल. म्हणून वारा बघून जागा बदलली, भुरीला तीन दिवस शेण-माती चोपडली. काजलनं भुरीला हात लावायची बंदी केली, ती तिनं पाळली. आठ दिवस झाले, दहा झाले. कळप पळतच राहिला.

बाराव्या दिवशी धुकं दाट होतं. समोरचं काही दिसत नव्हतं. भुरी पुढे गेली आणि दिसेनाशी झाली. मी मुकाट बसलो होतो आणि मला ऐकू आलं, टण. मग पुन्हा, टण टण. भुरी कुठं आहे ते न बघता मी बोटानं दाखवू शकलो असतो. पाठोपाठ खुरांचा धडधडाट झाला आणि कळप पळाला.

मी कपाळावर हात मारून घेतला. बावीस वर्षं दुसऱ्याच्या बाटल्या आणि कड्या ऐकल्या, एकेकाला तीन-तीन उड्या मारायला लावल्या, आणि एका रानच्या जनावराला मीच बाजारातून घंटी आणून बांधली. कळपाला भुरीची भीती नव्हती, घंटीची होती. धनसिंग असता तर हसून हसून लोळला असता.

मी काजलला समजावून सांगितलं. तिला लगेच कळलं, पण तिनं दोन्ही हात घंटीवर दाबून धरले.

"मी नाई काढू देत. घंटी नसली त लोकं तिले मारतीन."

"मारू शकतात."

"मंग तुम्ही सगळ्यायले सांगा ना."

"काय सांगू, बाई? घंटीशिवाय ते बाकीच्यांसारखीच दिसन. कोणाले ओळखू येणार नाई."

"मंग?"

तिला खोटा दिलासा द्यायचं माझ्या जिवावर आलं. तिच्या बापाच्या वेळी एकदा दिला होता, तो अजून अंगावर होता. "घंटी ठेवली त पिंजरा," मी म्हणालो. "काढली त जंगल. अन् जंगलात काय होईन ते मले नाई माहीत. भुरी तुही हाय, तू ठरव."

तेराव्या दिवशी ती भुरीला घेऊन आलीच नाही. मी एकटाच नाल्यावर बसून परत गेलो. चौदाव्या दिवशी पोचलो तर दोघी माझ्या आधी हजर. काजलनं भुरीची मान कुरवाळली, कानात काहीतरी बंजाऱ्यांच्या गोर बोलीत सांगितलं आणि पट्ट्याचं बक्कल सोडलं. घंटी वाजू नये म्हणून मुठीत घट्ट धरली. भुरीनं मान झटकली. आवाज आला नाही, तेव्हा तिनं पुन्हा एकदा झटकून पाहिली.

"जाय," काजल म्हणाली.

सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. भुरी नाला उतरली, पलीकडे चढली. दोनशे पावलं. माना वर झाल्या. शंभर पावलं. कळप उभाच. एक थोराड मादी पुढे आली, तिनं भुरीची मान हुंगली, पाठ हुंगली, आणि पुन्हा खाली मान घालून चरायला लागली. थोड्या वेळानं सगळा कळप झुडपांकडे चालू लागला. एक भुरकी पाठ दुसऱ्या भुरक्या पाठीत मिसळली. मी अकरा मोजायचो तिथं बारा मोजल्या, पण त्यातली भुरी कोणती, ते मला सांगता आलं नाही.

काजल टाचा उंचावून पाहत राहिली. कळप दिसेनासा झाला तशी मटकन खाली बसली.

"तिनं मांगं वळून नाई पाह्यलं," ती म्हणाली. गालावरून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलंही नाही. मी शेजारी बसून राहिलो. मला सांत्वन करता येत नाही.

"फौजीकाका, बापूनं पाह्यलं होतं काय? मांगं वळून?"

इतकी वर्षं मी ज्याची धास्ती घेतली तो प्रश्न असा येईल असं वाटलं नव्हतं. मी सांगायला लागलो. पेट्रोलचा रिपोर्ट देतात तसंच सांगितलं, कारण दुसरं मला येत नाही.

"आम्ही पाच वाजता निघालो. दहा जवान अन् मी. तुहे बापू स्काऊट होते. म्हणजे सगळ्यायच्या पुढं. पुढं काही धोका असला त तो आंधी स्काऊटले भेटते. म्हून तासातासानं स्काऊट बदलतात. त्यायच्यानंतर एका पोराचा नंबर होता. एकोणीस वर्षांचा, पह्यलंच पेट्रोल. त्याचे हात कापत होते, अन् बापूनं ते पाह्यलं होतं."

"मंग?"

"स्काऊटले थोड्या-थोड्या वेळानं मांगं वळून पाहाच लागते, कमांडर काय म्हणते म्हून. सहा वाजता त्यायनं माह्याकडं पाह्यलं. मी हातानं विचारलं, बदली करू? त्यायनं हातानंच सांगतलं, नाई. अजून थोडं मीच चालतो. मी हुकूम देऊ शकलो असतो, बाई. दिला नाई. चार मिनिटानं सुरुंग फुटला."

पुढे मी रेडिओवर "वन कॅज्युअल्टी, ओव्हर" म्हणालो होतो. ते मी तिला सांगितलं नाही. तो पोरगा अजून पलटणीत आहे, त्याला एक लेकरू आहे. ते मात्र सांगितलं.

काजलनं नाक ओढलं. मला वाटलं, आता ही उठून जाईल आणि पुन्हा कधी माझ्याशी बोलणार नाही. तिनं तसं केलं असतं तरी मी तिला दोष दिला नसता.

"तवा ते हसले होते?"

"हो. नेहमीसारखे."

"अन् हात कसा केला?"

मी उजवा हात खांद्याएवढा वर केला, पंजा पसरला आणि दोनदा सावकाश हलवला. हे मी कोणाला कधी करून दाखवलं नव्हतं. माझ्या बायकोलाही नाही.

काजलनं नीट पाहिलं. मग झुडपांकडे तोंड करून आपला लहानसा हात वर केला, पंजा पसरला आणि तसाच दोनदा हलवला.

"असा?"

"असाच," मी म्हणालो.