मुंग्या येऊन गेलेला हात

मी लोणावळ्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते. आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स केला, लग्नाआधीच इथं लागले आणि लग्नानंतरही इथंच राहिले. पवना धरणाच्या काठानं पुण्या-मुंबईची माणसं बंगले बांधतात. त्यांतल्या बऱ्याच बंगल्यांच्या भिंती पहिल्यांदा माझ्या स्क्रीनवर उभ्या राहिलेल्या असतात. हे काम म्हणजे दिवसभर माऊस. रेषा ओढायची, थोडी सरकवायची, पुसायची, झूम करून कोपरा कोपऱ्याला टेकलाय का ते बघायचं, पुन्हा मागं यायचं. डोकं लागतंच, पण झिजतो तो हात. हे मला हात झिजल्यावर कळलं.

सुरुवात मुंग्यांनी झाली. अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना. मी हात झटकायचे आणि पुढचा जिना काढायला घ्यायचे. मग स्कूटीचं हँडल धरलं की वलवणला घरी पोचेस्तोवर बोटं बधिर व्हायला लागली. एक दिवस दुधाचं पातेलं उतरवताना हातातून सुटलं. सगळं दूध ओट्यावरून फरशीवर.

"लक्ष कुठंय तुझं?" नवरा म्हणाला.

लक्ष पातेल्यावरच होतं. हातालाच कळलं नव्हतं, आपण काही धरलंय की नाही ते.

डॉक्टरांनी मनगट वाकवून बघितलं, ठोकून बघितलं, तपासणीला पाठवलं. मनगटातून जाणारी नस दबलीय म्हणाले. पट्टा दिला, गोळ्या दिल्या आणि हाताला विश्रांती द्या म्हणून सांगितलं.

"आणि काम?" मी विचारलं.

"काम करा, पण मनगट हलवू नका."

ऑफिसात सरांना हे सांगितलं तेव्हा ते वाईट बोलले नाहीत. त्यांचा तसा स्वभावच नाही. "साधारण किती दिवस लागतील बरं व्हायला?" एवढंच विचारलं. पण माझ्या शेजारी एक टेबल कित्येक महिने फायलींखाली दबून पडलेलं होतं, ते त्या आठवड्यात त्यांनी रिकामं करून पुसून घेतलं. तिथं कोण बसणार हे कुणी बोललं नाही, मीही विचारलं नाही. पुसलेल्या त्या टेबलाकडं न बघता मी काम करत राहिले, आणि हात आणखीच आखडत गेला.

आषाढात आवणीला, म्हणजे भातलावणीला, सासरी गेलो. सासर तिकोणा पेठेचं, तिकोणा गडाखालचं गाव. सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्याकडं रीतच तशी आहे. सासरे गेल्यापासून आत्या तिथं एकट्या राहतात आणि गडाच्या पायथ्याची भाताची दोन खाचरं अजून स्वतः करतात. आवणीला आम्ही दोघं दरवर्षी जातो. चिखलात ओळीनं वाकायचं, डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हातानं चार-चार काड्या सोडवून चिखलात खोवत मागं सरकायचं. त्या वर्षी मला रोपंच सोडवता येईनात. बोटांत धरली की चिमटीत आहेत का गळाली ते कळेना. मी मागं पडले. दोन्ही बाजूंच्या बायका सरकत निघून गेल्या आणि माझ्या वाट्याची जागा तेवढी मोकळी राहिली.

मी बांधावर जाऊन बसले. पट्टा बांधलेला हात पदराखाली घेतला.

आत्या वाकलेल्याच होत्या. मान तेवढी वर करून म्हणाल्या, "काय गं? झालं काय?"

"हात दुखतोय, आत्या."

"दिसभर खुर्चीत बसून हात कसा दुखतो गं?" हे त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "आमी जलमभर चिखलात वाकलो. कदी म्हनलो न्हाई, हात दुखतोय."

बायका हसल्या. आत्यांच्या शेजारच्या मावशींनी सांभाळून घेतलं, "अगं, त्यांचं काम येगळं असतंय." पण मला ते हसूच ऐकू येत राहिलं. नवऱ्यानं माझ्या वाट्याची रोपं लावून टाकली. मला राग आत्यांचा आला होताच, पण त्याहून जास्त माझ्या हाताचा आला होता. काही फुटलं नव्हतं, सुजलं नव्हतं. दाखवायला काहीच नव्हतं माझ्याकडं.

त्यानंतर मी ट्रॅकबॉल नावाचा एक वेगळा माऊस मागवला. नेटवर मनगटाच्या दुखण्याबद्दल वाचताना त्याचा फोटो दिसला होता. पालथ्या वाटीसारखा आकार, आणि अंगठ्याखाली बोराएवढी लाल गोळी. हा माऊस टेबलावर सरकवायचा नसतो. तो जागेवर राहतो, हात त्याच्यावर टेकून ठेवायचा आणि अंगठ्यानं गोळी फिरवायची, की बाण स्क्रीनवर धावतो. फोटोत फार सोपं दिसत होतं.

पहिल्या दिवशी बाण अळवावरच्या पाण्यासारखा पळत होता. दरवाजा भिंतीत बसवायला जावं तर तो थेट बाथरूममध्ये. एका खिडकीसाठी मी पाच-सहा वेळा गोळी पुढंमागं केली, तोवर सर मागं येऊन उभे होते. "जमेल हळूहळू," म्हणाले आणि गेले. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

जमलं, पण फुकट जमलं नाही. मनगट शांत झालं. स्कूटी चालवताना बोटं पुन्हा माझी वाटायला लागली. आणि मग अंगठ्याच्या मुळाशी नवीन कळ सुरू झाली, कारण आता सगळं ओझं एकट्या अंगठ्यावर आलं होतं. तेव्हा दुसरा घेतला, मोठ्या गोळीचा. गोळी मधोमध, बोटांनी फिरवायची, कुठल्याही हातानं. तो मी डाव्या हाताला दिला. डावा हात पहिल्यांदा पाटी-पेन्सिल धरणाऱ्या पोरासारखा बावरला होता. दर काही दिवसांनी गोळी बाहेर काढून आतला मळ पुसायचा, नाहीतर ती अडते. हे सगळं अंगवळणी पडेपर्यंत पाऊस सरला. सरांनी मोठ्या बंगल्यांची कामं शेजारच्या टेबलावर आलेल्या नवीन मुलीकडं दिली होती. माझ्याकडं दुरुस्त्या आणि कंपाउंडच्या भिंती. निम्मे दिवस मी घरून काम करायला लागले.

दिवाळीनंतर आत्या आमच्याकडं आल्या. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन लोणावळ्यात करायचं ठरलं होतं. ऑपरेशन नीट झालं, आणि काळा चष्मा लावून त्या आमच्या खोलीत कॉटवर बसून राहिल्या. काम न करता बसायची त्यांना सवय नाही. माझं टेबल कॉटच्या समोरच. त्या माझ्या डाव्या हाताकडं बघत राहायच्या.

"गोट्या खेळतीस व्हय?" एकदा विचारलं.

"यानंच नकाशा काढते, आत्या. हात दुखू नये म्हणून असतो हा."

"आसं," म्हणून त्यांनी तोंड खिडकीकडं केलं. आवणीतलं बोलणं अजून आमच्या दोघींच्या मध्ये होतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी त्या ऐकेनातच. वाकू नका, चुलीपुढं जाऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "ग्यास म्हंजे काय चूल न्हाई," म्हणून उभ्या राहून भाकरी करायला लागल्या. आत्यांच्या हाताचं घरात कौतुक होतं. उकळत्या आमटीचं भांडं त्या नुसत्या हातानं उतरवायच्या, भाकरी तव्यावरून बोटांनी उलटायच्या. "आईचा हात लोखंडाचा," असं नवरा लहानपणापासून अभिमानानं सांगत आलेला. मी टेबलाशी होते. भाकरीचा खरपूस वास येत होता, आणि मग त्यात दुसराच वास मिसळला. केस जळाल्यासारखा.

मी वळून ओट्याकडं बघितलं. आत्या खिडकीबाहेर बघत उभ्या होत्या. डाव्या हातात पिठाचा गोळा. उजव्या हाताची दोन बोटं तापलेल्या तव्याच्या काठावर टेकलेली. सहज, कठड्यावर टेकावीत तशी.

"आत्या, हात!"

त्यांनी खाली बघितलं. बघितल्यावर हात उचलला. आधी बघितलं, मग उचलला. ते माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही.

मी त्यांचा हात नळाखाली धरला. दोन्ही बोटांची टोकं पांढरी पडून वर आली होती. त्या शांतपणे म्हणत होत्या, "आगं, सोड. दुखत न्हाई."

"दुखत कसं नाही?"

"न्हाई दुखत."

नळाखाली तो हात मी पहिल्यांदाच नीट बघितला. अंगठ्याखाली तळव्याला जी उंच गादी असते, तिथं खळगा होता. मला हा खळगा माहीत होता. डॉक्टरांनी मला तपासताना म्हटलं होतं, वेळीच आलात, नाहीतर इथलं मांस झडतं.

"आत्या, हाताला मुंग्या येतात का तुमच्या?"

"मुंग्या यिऊन गेल्या. लय वरसं झाली. पोरं ल्हान व्हती तवा लय यायच्या. हात कॉटखाली लोंबता सोडून निजायचे मी. आता काय बी येत न्हाई. बरं झालं, म्हनलं."

मी त्यांना माझ्याच डॉक्टरांकडं नेलं. नवरा पाळीवर होता, तळेगावच्या कारखान्यात. त्याला विचारायला थांबले नाही. डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि सुईच्या टोकानं बोटाबोटाला टोचलं. "टोचतंय का?" करंगळीला टोचलं तेव्हा त्या हो म्हणाल्या. अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट, काहीच नाही. मिटल्या डोळ्यांनी त्या वाट बघत होत्या टोचण्याची, आणि सुई टोचून निघूनही गेलेली असायची.

नंतर डॉक्टर सरळच बोलले. उजव्या हाताची नस वर्षानुवर्षं दबून जवळजवळ मेलीय. ऑपरेशन केलं तरी गेलेली जाणीव परत येईल असं सांगता येणार नाही. डाव्या हाताला सुरुवात आहे, तो वाचवता येईल. "इतके दिवस कुणाला दाखवलं कसं नाही?" असंही त्यांनी विचारलं. आत्या माझ्याकडं बघायला लागल्या, जणू उत्तर मी द्यायचं होतं.

रिक्षात बसल्यावर मला वाटलं, आता आमच्यातलं काहीतरी हलकं होईल. दोघींचं दुखणं एकच निघालं होतं. मी त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी काढून घेतला.

"कशाला नेलंस मला?"

"अहो आत्या, कळायला नको का?"

"कळून काय करू?" त्यांचा आवाज चढला. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. "तुला कळलं तर तुझ्यापाशी ती गोटी हाय, दुसरा हात हाय, घरी बसून काम हाय. मला काय हाय? कालपतुर हात माझा व्हता. आज त्यो मेला म्हनून सांगितलंस."

वलवणच्या फाट्यापर्यंत आम्ही दोन अनोळखी बायकांसारख्या बसून होतो.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. आधी तो चिडला, मला न विचारता का नेलंस म्हणून. मग आईच्या बोटांवरचे फोड बघितले. बाहेर जाऊन पायरीवर बसला. "आम्ही पोरं तिला मुद्दाम गरम भांडी उचलायला लावायचो," म्हणाला. "गंमत म्हणून. मित्रांना दाखवायला."

डावा हात तरी वाचवू, असं आम्ही दोघांनी सांगून बघितलं. आत्या नाही म्हणाल्या. डोळ्याचं दाखवून झालं आणि त्या पेठेला निघून गेल्या. नवऱ्यानं सोबत दिलेली सांडशी त्यांनी फळीवर ठेवून दिलीय, असं शेजारच्या मावशींनी फोनवर सांगितलं. मी रोज फोन करायचे. त्या गायीचं सांगायच्या, वाऱ्याचं, हरभऱ्याचं. हाताचं विचारलं की, "हाय की," म्हणून फोन ठेवायच्या. तिकडं त्या एकट्या, पुढ्यात चूल, आणि वास यायला मागं कुणी नाही. काम करताना मध्येच माझी बोटं गोळीवर थांबायची आणि बाण स्क्रीनवर नुसता उभा राहायचा.

शिमगा झाल्यावर एकदा त्यांचाच फोन आला. आपणहून त्या कधी करत नाहीत. मी घाबरूनच उचलला.

"डाव्या हाताला मुंग्या येत्यात," त्या म्हणाल्या.

"खूप येतात का, आत्या?"

"येत्यात." "तुझ्या डागदरला इचार, कवा यायचं ते."

ऑपरेशन झालं. टाके काढले तेव्हा मीच सोबत होते. डाव्या हाताच्या बोटांना आता टोचलेलं, पोळलेलं नीट कळतं. उजव्याचं काही बदललं नाही. भाकरी त्या डाव्या हातानं उलटायला शिकताहेत आणि ती निम्म्या वेळा मोडते, याचा त्यांना फार राग येतो. आवणीच्या दिवशी जे बोलल्या, त्याबद्दल नंतर कधी काही बोलल्या नाहीत.

माझं म्हणाल तर सकाळी डाव्या हातानं काम करते, दुपारनंतर उजव्यानं. मोठे बंगले अजून शेजारच्या टेबलावरच जातात. परवा एका दुरुस्तीत मला डाव्या हाताच्या अंगठ्याला किंचित काहीतरी जाणवलं. मुंगी होती की नुसता भास, ते ठरवता आलं नाही. मी हात झटकला नाही. काम थांबवलं, खुर्ची मागं घेतली आणि डॉक्टरांना फोन लावला.