काळुराम चावीवाला आणि जादा माणूस

काळुरामच्या कपाळाला तीन टाके पडले ते माझ्यामुळे. मारायला मी तिथे नव्हतो, मी टिटवाळ्याला होतो. अंगारकी होती.

झालं असं, की सोमवारी दुपारी मुख्याधिकाऱ्यांनी मला एक चिठ्ठी दिली. ‘पाइप दुरुस्तीमुळे उद्या बोरीच्या आळीत पाणी येणार नाही.’ ती संध्याकाळपर्यंत दवंडीवाल्याकडे पोहोचवायची, एवढंच काम. मी ती कोटाच्या खिशात ठेवली, सासूबाईंनी सांगितलेली जास्वंदीची फुलं शोधत बाजारभर फिरलो, आणि मंगळवारी चिठ्ठीला गणपतीचं दर्शन घडवून परत आणली. दवंडी पिटली गेली नाही. आळीतल्या बायका पहाटेपासून हंडे लावून बसल्या, आणि ठरल्या वेळेला काळुराम खांद्यावर चावी टाकून हजर झाला.

आमची नगरपालिका ठाणे आणि टिटवाळ्याच्या दरम्यान कुठेतरी आहे. नाव सांगत नाही, पेन्शन अजून तिथूनच येते. हे त्रेपन्न सालातलं, मी तिथे कारकून होतो. नळ गावात नवे होते, पण पाणी सगळ्यांना एका वेळी पुरत नसे. म्हणून रस्त्यातलं लोखंडी झाकण उघडून, आत चावी घालून, एकेका आळीचं पाणी पाळीपाळीने सोडायचं. ही चावी म्हणजे छातीएवढ्या उंचीची लोखंडी कांब, वर आडवी मूठ. काळुरामचा बाप खाडीकाठच्या मिठागरावर पाणी अडवायचा. मुलाला ते सोडायची नोकरी लागली, म्हणून घरात म्हणे पेढे वाटले होते.

आता कोणी विचारेल, पाणी येणारच नव्हतं तर हा गेला कशाला? तर आमच्याकडे नियम होता. पाणी असो नसो, चावीवाल्याने वेळेवर जाऊन चावी फिरवायची आणि रजिस्टरात सही करायची. पाइप कोरडा पडला तरी रजिस्टर कोरडं राहता कामा नये.

बुधवारी मी अर्धा डझन केळी घेऊन त्याच्या घरी गेलो. डोक्याला पट्टी बांधून ओटीवर बसला होता.

“मारलं कोणी?”

“ठमाबायनी. तांब्या फेकून.”

“आणि दवाखान्यात कोणी नेलं?”

“तिनीच. पानी नव्हता, त मोकलीच होती.”

मी चिठ्ठीची गोष्ट सांगून टाकली. त्याने एक केळं सोललं, अर्धं खाल्लं. “ही पाचवी येल, भाऊसाहेब. चार येला तुमची चिट्टी नव्हती.” याला क्षमा म्हणायचं की हिशेब, मला अजून ठरवता आलेलं नाही.

“पण तू चावी का नाही उगारलीस? नुसती दाखवली असतीस तरी पळाल्या असत्या.”

“आठ-धा शेर लोखंड हाय. लागली त मानूस मरंल. मना नाय मारायचा कोनाला. मना फक्त आनखी एक मानूस पाह्यजे बरोबर, पानी नसंल त्या दिशी. येकट्याला बगून हात उटतो.”

मागणी एवढीच. मी त्याच रात्री अर्ज लिहिला. चांगला लिहिला. ‘जीवितास धोका’ हा शब्दप्रयोग तीनदा केला.

पंधरा दिवसांनी पाणी समिती बसली. काळुराम दारात उभा, मी कागद घेऊन कोपऱ्यात. सभापती परशुरामपंतांनी अर्ज वाचला, चष्मा काढला.

“याआधी मार खाल्लायस?”

“चार येला.”

“मग तक्रार का नाही केलीस?”

“केली. तुमी म्हनलाव, दोन साक्षीदारांची सही आन.”

“बरोबर आहे. आणलीस?”

“सायेब, बगनारे ते मारनारेच. सही कोन देल?”

समिती हसली. मग एका सदस्याने तोडगा काढला, की बायकांना हा पालिकेचा माणूस आहे हे कळत नसावं. याला खाकी कोट आणि पितळी बिल्ला द्यावा, म्हणजे ओळखतील.

“वलखतान म्हनून त मारतान,” काळुराम म्हणाला.

ठराव तोवर मंजूर झाला होता. कोट आला, बिल्ला आला. एप्रिलमध्ये पाणी अर्धा तास उशिरा पोहोचलं, तेव्हा आळीने दोन्ही बाह्या उसवल्या. आणि पालिकेची मालमत्ता फाटली म्हणून काळुरामकडे लेखी खुलासा मागितला गेला. तो खुलासाही मीच लिहून दिला. लिहिताना मला पहिल्यांदा माझ्या अक्षराचा राग आला.

मी पुन्हा अर्ज केला, पुन्हा केला, तिसऱ्यांदा सभापतींच्या घरी जाऊन हातात दिला. अखेर ठराव झाला: ‘पाणी नसेल त्या दिवशी चावीवाल्यासोबत एक जादा माणूस द्यावा. नवीन नेमणूक करू नये. कचेरीतून उपलब्ध होईल तो पाठवावा.’ मे महिन्यात पहाटेच पंप बिघडला. दवंडीला वेळ नव्हता. कचेरीत उपलब्ध कोण? शिपायाला ताप भरला, हेडक्लार्कांची कंबर धरली. उरलो मी.

मी धुतलेलं धोतर, कोट, टोपी अशा थाटात काळुरामशेजारी चालत बोरीच्या आळीत शिरलो. चाळीसेक हंडे रांगेत. काळुरामने झाकण उघडलं, चावी फिरवली. नळाने एक लांबलचक उसासा टाकला आणि गप्प झाला.

“भगिनींनो,” मी सुरुवात केली, “यंत्र हे माणसासारखंच...”

“हा कोन गो?” कलावती नावाच्या बाईने विचारलं.

“कचेरीतला दिसतो.”

“मंग पानी ह्यानंच प्यायला असंल. अंगावरचा धोतर बग कसा पांढरा!”

पहिला हंडा रिकामा होता, एवढंच त्याच्या बाजूने सांगता येईल. दुसरा कोणाचा ते मी पाहिलं नाही, कारण तोवर मी काळुरामच्या पाठीमागे पोहोचलो होतो आणि त्याचा बिल्ल्याचा कोट दोन्ही हातांनी धरला होता. त्यामुळे त्याला बाजूला होता येईना. त्याने चावी जमिनीत रोवली, मान खाली घातली आणि खांद्यावर, पाठीवर जे जे आलं ते घेतलं. शेवटी ठमाबाईच मध्ये पडली. “पुरे गो, मरंल तो! उद्या पानी कोन सोडंल?”

परत येताना तो डावा खांदा धरून चालत होता. माझ्या टोपीला साधी सुरकुतीही पडली नव्हती. कचेरीच्या पायरीवर मी म्हटलं, “काळुराम, मी आजच नवीन अर्ज लिहितो. सांग, काय मागू?”

“या खेपला मानूस मागा, कारकून नको.”