आम्ही गावाला दिलेला दिवा

नोकरीसाठी मी पुण्याला निघाले तेव्हा डिसेंबर होता. पहाटेची पुलगावची एसटी धरायची म्हणून बाबा वावरातली रात्रीची जागल सोडून थेट आमच्या गावच्या, रोहण्याच्या स्टँडवर आले, पायाला माती तशीच. रात्री खूप तारे तुटले हे त्यांनी आधी सांगितलं, मग बॅग वर चढवली. "तिथं आभाळ दिसन का नाई देव जाने. तरी मान वर करून पाह्यत जाजो, बाई," एवढंच म्हणाले. आई रडत होती. तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

पुण्यात आलेल्या रोहणेकरांनो, जागलीच्या त्या रात्री तुमच्यापैकी कोणाला आठवतात तरी का? डुकरांच्या भीतीने प्रत्येक वावरात मचानावर कोणीतरी जागं असायचं. डिसेंबरच्या मध्यावर उल्का पडायला लागल्या की ज्याला पहिली दिसली त्याने हाक द्यायची, मग शेजारच्या वावरातून उत्तर यायचं, मग त्याच्या पलीकडून. तुमचेही बाप ओरडायचे त्यात. मी बाबांच्या घोंगडीत बसून ऐकायची.

पुण्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीला कुलूप. दर डिसेंबरला बाबांचा फोन यायचा, "आज तारे तुटतीन, पाह्यजो." मी लॅपटॉपवरून नजर न काढता 'हो बाबा' म्हणायची आणि विसरून जायची.

चार वर्षांपूर्वी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गावासाठी काहीतरी करायची लाट आली. वर्गणी काढून हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरच्या मोठ्या दिव्यांचा झुबका, द्यायचा ठरला, गावात कोणालाही न विचारता. सगळ्यात लांबलचक मेसेज माझा होता, क्लासवरून परतणाऱ्या पोरींना उजेड हवा म्हणून. हवाच आहे, आजही म्हणते. पण रस्त्यावर हवा होता, आभाळात नाही.

या डिसेंबरात मी आठ वर्षांच्या ईराला, माझ्या लेकीला, उल्का दाखवायला गावी नेलं. बाबांचं वावर गावाला लागूनच. मचानावर चढलो तर हायमास्टच्या उजेडात भर रात्री कापसाची बोंडं दुपारसारखी पांढरी दिसत होती आणि वर नुसता राखाडी पडदा. दोन तासांत एकही उल्का दिसली नाही. ईरा कंटाळून झोपली आणि माझं डोकं फिरलं. सकाळी उठून सरपंचांना गाठलं, रात्रभर एवढा लख्ख दिवा कशाला म्हणून. ते शांतपणे म्हणाले, "ताई, बंद करायचं बटन आमच्यापाशी नाई. टायमर तुमच्याच मानसानं लावून देल्ला." खांबाच्या चौथऱ्यावर देणाऱ्यांच्या नावांची पाटी आहे. माझं नाव तिसरं.

मी तिथूनच ग्रुपवर लिहिलं, दिव्यांना वरून झाकण बसवा, दहानंतर निम्मे बंद करा. उत्तरादाखल चार अंगठे आले, आणि एकाने विचारलं, ताईंचा विकासाला विरोध आहे का? अहो, तुम्ही स्वतः पोरांना घेऊन पैसे भरून कुठल्याशा डोंगरावर आकाशदर्शनाला जाता आणि गावाच्या डोक्यावरचं आकाश पुसून टाकता? मला तुमचा संताप येतो. माझा त्याहून जास्त येतो.

कारण त्याच दुपारी मी बाबांना विचारलं, चार वर्षं बोलला का नाहीत? ते तुरीच्या शेंगा सोलत होते. "दिवा लागला तवाच सांगनार होतो. पन फोनवर तू लय खुश होती." चार वर्षांत त्यांनी एकही तारा तुटताना पाहिलेला नाही. भिंतीवरचं कॅलेंडर बघून तेवढा फोन करत राहिले. मग फोन तरी कशाला करायचा, असं मी चिडूनच म्हटलं. त्यांनी मान वर केली नाही. "मले वाटे, तुले तरी दिसन."

झाकण बसेपर्यंत मी ग्रुपवर रोज लिहिणार आहे, काढायचं तर काढून टाका मला. तुम्ही घर कशाला म्हणता ते तुम्ही जाणा. माझं घर म्हणजे तो माणूस. मी त्याचं आभाळ घालवलं, आणि तो दरवर्षी मला वर बघ म्हणून सांगत राहिला.