क्षमस्वबाईंचा राजीनामा

फ्रिज आणि वॉशिंग मशीन विकणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागात त्या कामाला लागल्या, तेव्हा त्यांना स्वतःचं नाव होतं. पुढे फोनवर दिवसभर "तसदीबद्दल क्षमस्व" म्हणून म्हणून त्या क्षमस्वबाई झाल्या, आणि पगाराच्या चिठ्ठीखेरीज खरं नाव कुठे उरलं नाही. बिघडलेला माल पाठवायचा कारखान्याने, उशीर करायचा दुरुस्तीवाल्याने आणि बोलणी खायची बाईंनी, अशी कामाची वाटणी होती. लोक फोनवर आईबाप काढायचे. बाई हेडफोन जरासा कानामागे सरकवून सगळं ऐकून घ्यायच्या आणि क्षमा मागायच्या.

यापूर्वी दोनदा त्यांनी राजीनामा दिला होता. दोन्ही वेळा साहेबांनी तो वाचला, "अहो, माफी कसली मागताय? होतं असं कधीकधी," म्हणत मोठ्या मनाने परत केला, आणि बाई आभार मानून मुकाट जागेवर येऊन बसल्या. आता याला काय म्हणावं!

या खेपेला मात्र गोष्ट घरापर्यंत आली. नवरा शिंपी, मूळचा बोलका माणूस. पण संध्याकाळी बाई दारातून आत आल्या की त्यांचा चेहरा बघून गप्प बसायला शिकला होता. परवा त्याचा गाल टम्म सुजलेला दिसला. आठवडाभर दाढ ठणकत होती म्हणे.

"मग बोलला नाहीत ते?" बाईंनी विचारलं.

"दिवसभर तक्रारीच ऐकतेस. त्यात माझी आणखी एक कशाला?"

परक्यांचे फ्रिज सांभाळता सांभाळता घरचं माणूस आपल्याला दुखणं सांगेनासं झालं, याची बाईंना लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती.

सुट्टीच्या दिवशी जेवणं उरकून त्या कागद घेऊन बसल्या. पान भरल्यावर नवऱ्याने चष्मा चढवून वाचलं. अचानक कळवत असल्याबद्दल क्षमस्व. नवीन माणूस मिळेपर्यंत होणाऱ्या गैरसोयीबद्दल क्षमस्व. आपला अमूल्य वेळ घेतल्याबद्दल...

"अगं, नोकरी सोडतेस की गुन्हा कबूल करतेस?"

"हाताला वळणच पडलंय. काय करू?"

त्याने पेन्सिल घेतली आणि जादा कापड छाटावं तसं एकेक क्षमस्व उडवलं. पानभर मजकुरातून दोन ओळी उरल्या: मी नोकरी सोडत आहे. या महिन्याची अखेर हा माझा कामाचा शेवटचा दिवस. बाईंना ते फारच उर्मट वाटलं.

"निदान शेवटी एक तरी राहू द्या हो."

"एकही नाही," नवरा म्हणाला, आणि सुजलेल्या तोंडानेच हसला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी कागद वाचला आणि मागे आणखी काही आहे का म्हणून उलटून पाहिला.

"एवढंच?"

"एवढंच."

साहेब वाट बघत राहिले. नेहमीचा शब्द बाईंच्या जिभेवर आला होता, पण तो उच्चारायचंही त्राण नव्हतं. त्यांच्या अंगात धैर्यबिर्य काही संचारलं नव्हतं. त्या नुसत्या थकल्या होत्या, आणि थकलेल्या माणसाला गप्प बसणं सोपं जातं.

"पण इतक्या वर्षांत एका शब्दाने बोलला नाहीत," साहेब दुखावल्या आवाजात म्हणाले. "एवढा त्रास होत होता, तर तक्रार करायची!"

"कुणाकडे?"

बाहेर बाईंच्या टेबलावरचा फोन वाजत होता. कुणीच उचलत नव्हतं. साहेबांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. बाई जागच्या हलल्या नाहीत. मग साहेबांनी पेन उघडलं आणि सही केली.