एका वेळी एकच स्क्रू

घड्याळे दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थांना सारी गल्ली ‘मास्तर’ म्हणे. शाळेत मात्र त्यांनी कधीच शिकवले नव्हते. एक नियम त्यांनी एकेचाळीस वर्षे व्रतस्थपणे पाळला होता: घड्याळात एका वेळी एकच बदल करायचा आणि मग आठ प्रहर नुसते पाहायचे. दोन स्क्रू एकदम फिरवणारा कारागीर घड्याळ चालवीलही, पण ते का चालले हे त्याला कधीच उमगणार नाही, असे ते म्हणत.

भिंतीवरच्या ज्या जुन्या घड्याळांचे भाग आता कोठेही घडत नाहीत, त्यांच्या अंतर्रचनेच्या दोनशेवर आकृत्या मास्तरांनी स्वहस्ते रेखाटल्या होत्या. पुतणीने त्यांची वेबसाइट करून ती एका मोफत होस्टिंगवर, म्हणजे वेबसाइटला इंटरनेटवर जागा देणाऱ्या सेवेवर, ठेवली. तेथून मिळालेला पत्ता म्हणजे अक्षरे आणि आकडे यांचा असा गुंता, की फोनवर सांगताना मास्तरांचीच जीभ अडखळे. म्हणून त्यांनी स्वयंसेवकांच्या एका संस्थेकडे मोफत सबडोमेन, म्हणजे संस्थेच्या पत्त्याला जोडलेले सोपे नाव, मागितले, आणि हे काम शिकवणाऱ्या गुरूंनी दुकानाला दिलेले नावच त्यांना मिळाले. अट एवढीच, की सात दिवसांत त्या नावावर वेबसाइट उघडली पाहिजे. न उघडल्यास नाव रांगेतल्या पुढच्या अर्जदाराला जाणार होते, आणि तेच नाव मागणारा एक जण रांगेत होताच.

पहिल्या दिवशी मास्तरांनी संस्थेच्या पानावर, नाव कुठे न्यायचे ते सांगणाऱ्या रेकॉर्डच्या चौकटीत, होस्टिंगचा पत्ता एचटीटीपीएससकट लिहिला आणि अहोरात्र वाट पाहिली. काही उघडले नाही. दुसऱ्या दिवशी शेवटची तिरकी रेघ पुसली आणि पुन्हा अहोरात्र थांबले. तिसऱ्या दिवशी रेकॉर्डचा प्रकार बदलला. चौथा आणि पाचवा दिवस असेच एकेका दुरुस्तीत सरले.

सहाव्या संध्याकाळी पत्नी म्हणाल्या, “अहो, नमनालाच सहा दिवस गेले. नाटक कधी?”

सातव्या सकाळी पुतणीचा फोन आला. सारे ऐकून ती म्हणाली, “काका, पत्त्याच्या आधीचं ते एचटीटीपीएस आणि रेघा पुसा. तिथं नुसतं नाव हवं. आणि होस्टिंगच्या सेटिंगमध्ये आपलं नवं नाव टाकलंत का?”

“ते उद्या.”

“उद्या? मुदत आज संध्याकाळी संपतेय!”

“अगं, दोन्ही एकदम केलं तर कशानं चाललं ते कळणार कसं?”

“दोन्हीनं! एकच केलं तर संस्था म्हणणार, पाहुणा होस्टिंगकडे धाडलाय. आणि होस्टिंग म्हणणार, या नावाचं इथं कुणी राहत नाही. नाव हातचं गेलं की बसा मग कारणं शोधत!”

मास्तरांनी डोळ्यावरचे भिंग काढून ठेवले, एचटीटीपीएस पुसले आणि, आयुष्यात प्रथमच, मध्ये न थांबता होस्टिंगच्या सेटिंगमध्ये नवे नाव भरले. दुपारी चारच्या सुमारास त्या नावावर पहिली आकृती उमटली. पाचला संस्थेचे पत्र आले: नाव कायम.

त्यांनी पुतणीला फोन लावला.

“नाव आता पक्कं ना? कुणी काढून घेणार नाही?”

“नाही हो, काका. अभिनंदन!”

“मग त्यातला एक बदल काढून बघू का? एकच दिवस.”

“काका,” ती म्हणाली, “काकूला फोन द्या.”