आईंचं गाव नव्या मशिनात

जुनी वस्तू नव्याला चालते की नाही, हा माझ्या पोटापाण्याचा प्रश्न आहे. चाकणच्या एका कंपनीत मी बाहेरून येणारा माल तपासते. गाडीचं मॉडेल बदललं की डिझाइनवाले छातीठोकपणे सांगतात, जुनाच ब्रॅकेट नव्या गाडीला बसणार. मग तो हातात घेऊन बसते मी. बसतो खरा, पण एखादं भोक केसभर सरकलेलं असतं. त्यामुळे खोक्यावर काय छापलंय यावर माझा फारसा विश्वास नाही.

यंदा दसऱ्याच्या आधी लेकीनं बंगळुरूहून हातात धरून खेळायचं नवं गेमचं मशीन पाठवलं. जुन्या मशीनचे गेम यातही चालतात, असं त्याच्या खोक्यावर लिहिलं होतं. मी आधी नाक मुरडलं आणि मग ते खोकं उलटंपालटं करून बारीक अक्षरांसकट वाचून काढलं. मशीन माझ्यासाठी नव्हतंच म्हणा. ते होतं माझ्या सासूबाईंसाठी.

हसू नका. मीही आधी हसलेच होते. आई लातूरकडच्या. सासरे गेल्यावर त्या रहाटणीला आमच्या चौथ्या मजल्यावर राहायला आल्या. आम्ही दोघं नवरा-बायको शिफ्टला जाणार आणि त्या दिवसभर घरात. तेव्हा कॉलेजात असलेल्या लेकीनं आजीच्या हातात आपलं मशीन दिलं. त्यात एका छोट्या गावाचा खेळ होता. झाडं लावायची, ओढ्यात मासे धरायचे, फळं विकायची, शेजाऱ्यांशी बोलायचं. जिंकणं नाही, हरणं नाही. सगळा कारभार इंग्रजीत, आणि आईंना मराठीच जेमतेम वाचता येतं. पण बाई चित्रांवरून शिकल्या. अडलं की मला हाक मारायच्या.

"ह्यो दुकानदार काय म्हणायलाय गं?"

"त्याला पेरू हवेत म्हणे, आई."

"मग तसं बोल की म्हणावं. तोंड कशाला वाकडं करायलाय?"

लेकीला नोकरी लागली तेव्हा ती मशीन आजीलाच देऊन गेली. आईंनी त्या गावात ओढ्याच्या काठानं सीताफळं लावली, घराला पडवी काढली. आणि उन्हाळ्यात मशीनची चार्जिंगची जागा खिळखिळी झाली. पिन एका विशिष्ट कोनात दाबून धरली तर चालू, हात हलला की बंद. दुरुस्तीवाल्यानं सांगितलं, ह्याचे पार्ट आता येत नाहीत. आईंनी तक्रार केली नाही. नुसत्या बाल्कनीत बसायला लागल्या. आणि एक दिवस जेवताना म्हणाल्या, "दिवाळी झाली की मला गावाकडं नेऊन सोडा."

गावाकडे आहे कोण? घराला कुलूप आहे, शेजारची माणसंही पुण्या-मुंबईला गेलीत. नवऱ्याचा घास हातातच राहिला. मला तर रागच आला. आम्ही काय कमी केलं यांना? पण कंपनीच्या बसमध्ये बसल्यावर विचार करत राहिले. आमच्या घरात त्यांच्यावाचून अडेल असं काहीच नव्हतं. कपडे मशीन धुतं, भाजी निवडलेली येते. त्या खोट्या गावात मात्र रोज कुणीतरी त्यांची वाट बघत असायचं. मला त्यांना जाऊ द्यायचं नव्हतं, आणि हे त्यांना तोंडावर सांगायला जीभ रेटत नव्हती.

म्हणून ते मशीन आलं तेव्हा मी लेकीला फोनवर धारेवरच धरलं. नव्यात जुनं चालतं म्हणजे नेमकं काय चालतं? ती म्हणाली, "मम्मी, गेम कार्डात असतो. पण आजीचं गाव कार्डात नाही, ते जुन्या मशीनच्या आत साठलंय. ते वेगळं हलवावं लागेल. मग नव्यात कार्ड घालायचं, की उघडलं." मला हे भारीच वाटलं. कार्डात गाव नाही, पण कार्डाशिवाय गाव उघडत नाही. आणि दोन्ही असून मशीन नसेल तर आजीबाई बाल्कनीत. दोन दिवस मला दुसरं काही सुचलं नाही.

पण लगेच लावून बघायची सोय नव्हती. नवं यंत्र पूजेआधी वापरायचं नाही, असा आमच्या ह्यांचा दंडक. ते कंपनीत मेंटेनन्सला आहेत. खंडेनवमीला तिथं मशिनी बंद ठेवतात, धुऊनपुसून तेलपाणी करतात, झेंडूच्या माळा घालतात, आणि त्या दिवशी हत्याराला हात लावत नाहीत. तोच नियम घरात. पाटावर नटबोल्टचे पाने, पक्कड, त्यांचं मोजमापाचं व्हर्निअर, माझा मिक्सर, स्कूटरची किल्ली, आणि यंदा दोन्ही गेमची मशीनं आणि ते नखाएवढं कार्ड. मी पुरणाच्या गडबडीत होते, पूजा त्यांनीच केली.

दसऱ्याच्या दिवशी जेवणं झाल्यावर आम्ही तिघं कॉटवर बसलो. नवं मशीन चालू केलं, कार्ड सरकवलं. पडद्यावर अक्षरं आली. मी ती दोनदा वाचली.

"काय म्हणायलंय?" आईंनी विचारलं.

"कार्ड ओळखू येत नाही म्हणतंय."

"तरी मी म्हणत होतो," नवरा म्हणाला, "जुनं नव्यात चालत नसतंय. नुसतं विकायसाठी लिहितेत."

आई उठल्या आणि आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडल्या. लेकीला फोन लावला तर ती म्हणते, चालणाऱ्या गेममध्ये हा गेम आहे, चाललाच पाहिजे. "मम्मी, तूच बघ ना. तुझंच तर काम आहे हे."

तेही खरंच होतं. कंपनीत पार्ट नव्या गाडीला बसला नाही, तर आम्ही लगेच नव्या गाडीला शिव्या घालत नाही. तोच पार्ट आधी जुन्या गाडीला लावून बघतो. मी जुनं मशीन घेतलं, नवऱ्याला पिन दाबून धरायला लावली आणि कार्ड आत घातलं. जुन्यालाही ते ओळखेना! म्हणजे नवं मशीन बिचारं निर्दोष होतं. घरात सुतक असल्यासारखं झालेलं, आणि मला मात्र चोर सापडल्याचा आनंद झाला.

कामाचं भिंग पर्समध्ये असतंच. कार्ड उलटं करून खिडकीशी धरलं. मागच्या बाजूला सोनेरी बारीक पट्ट्या असतात, त्यांवर पिवळट लाल खपली धरली होती.

"अहो, कार्डाला कुंकू कुठं लावलंत?"

"कुठं म्हंजे? मागच्या सोनेरी भागाला."

"तिथं का?"

नवऱ्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच वेडी. "कंपनीत आम्ही काय कव्हरला लावतो का? कव्हर उघडून स्पिंडलला लावतो. काम जिथं होतंय तिथं. प्लॅस्टिकला लावल्यावर ती काय पूजा झाली का?"

आणि लावलं तेही कोरडं नाही, हळदीकुंकू पाण्यात कालवून, चांगलं बोट दाबून. मला हसू आवरेना. कॉटवर लोळायचीच बाकी होते. पण ते हसले नाहीत. कार्डाकडे बघत हळूच म्हणाले, "ह्याच्यावर माय राहती की जाती ते होतं ना. म्हणून जरा जास्तच मनापासून लावलं." माझं हसू तिथंच थांबलं. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस मला इतका कधी आवडला नव्हता, सांगून टाकते.

मग ते कामाला लागले. त्यांच्या बॅगेत सेन्सर पुसायचं स्पिरिट असतं. कान साफ करायच्या काडीला ते लावून पट्टी न् पट्टी पुसली, मशीनची फटही पुसली. आई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"आरं, कुंकवानं माझं गाव बुजवलास का?"

"न्हाई गं माय. वाळू दे जरा."

वाळलं. कार्ड सरकवलं, आणि नव्या मशीननं ओळखलं. जुन्या खेळाचं चित्र पडद्यावर आलं, होतं तसंच, उलट जरा जास्तच लख्ख. पण त्यात आईंचं गाव नव्हतं. ते अजून जुन्या मशीनमध्ये होतं आणि तिथून हलवायचं होतं. लेकीनं फोनवरून बजावलं होतं, हे हलवणं आहे, नक्कल नाही, एकीकडून जाणार तेव्हाच दुसरीकडे येणार. आता इथून निघालं आणि तिथं पोचायच्या आत पिन हलली तर?

दोन्ही मशीनं उशीवर शेजारी ठेवली. नवरा पिन कोनात दाबून बसला. कपाळावर माशी बसली तरी हलला नाही. मी ती हाकलायला गेले तर डोळ्यांनीच दटावलं मला. पडद्यावरची रेघ सरकत होती, मध्येच अडत होती, परत सरकत होती. आईंनी माझं मनगट कधी धरलं मला कळलं नाही. बांगड्या रुतत होत्या, पण मी हात सोडवला नाही. मग रेघ भरली, आणि जुन्या मशीननं सांगितलं की आपल्याकडे आता काही उरलेलं नाही.

नव्या मशीनमध्ये गाव उघडलं. सगळीकडे नुसतं गवत. ओढ्याकाठी, वाटेवर, थेट पडवीच्या पायरीपर्यंत. त्या खेळात खरा काळ चालतो, उन्हाळ्यापासून तिथं कुणी फिरकलं नव्हतं. मला वाटलं आई हिरमुसतील. पण त्यांनी चष्मा वर सारला आणि पडदा डोळ्यांजवळ नेला.

"बघ, गवत वाढलंय," त्या म्हणाल्या. "म्हंजे माझंच हाय. नवं राहिलं असतं तर साफ राहिलं असतं."

तेवढ्यात तो दुकानदार पळत आला आणि इंग्रजीत काहीतरी बोलला. खाली दोन उत्तरं आली.

"काय म्हणायलाय?"

मी वाचलं. बदलून सांगावं असं मनात आलं. पण जसं होतं तसंच सांगितलं. "म्हणतोय, इतके दिवस कुठं होतात? आम्हाला वाटलं, तुम्ही गाव सोडलंत. आता राहायला आलात, की नुसतं भेटायला?"

नवरा अजून त्या रिकाम्या मशीनची पिन दाबूनच बसला होता. त्यानं मान वर केली नाही. आईंनी त्या दोन उत्तरांवर बोट ठेवलं.

"राहायला कुठलं, वरचं का खालचं?"

"वरचं."

त्यांनी लेकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि अंगठ्यानं वरचं दाबलं.

"चहा ठेव गं," त्या म्हणाल्या. "गवत लई हाय."