काठोकाठ भरलेला कॅन

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. शिरूरच्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली तेव्हा आईने गल्लीभर पेढे वाटले. काम काय करतो, हे मात्र मी तिला कधी नीट सांगितलं नाही. रक्तदाबाच्या माणसांची चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये जमवून आणायची आणि तिच्यातलं सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम मोजायचं. या नोकरीवर आमचं घर उभं राहिलं, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण वासाची सवय होते असं कुणी म्हटलं, तर ते खोटं आहे. बर्फाची पेटी असूनही उन्हाळ्यात कॅनचं झाकण फिरवलं की डोळ्यांत पाणी यायचं. दुपारचा डबा कित्येकदा मी तसाच घरी नेला.

यवतजवळच्या वस्तीवरच्या एका आबांचा दाब गोळ्या वाढवूनही उतरत नव्हता. डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगितलं होतं. सून त्यांची भाजी वेगळी, आळणी करायची. तरी त्यांच्या कॅनमध्ये सोडियम, म्हणजे मीठच, भलतंच निघालं. मी आकडा सांगितला आणि मुलगा बायकोवर धावून गेला. तो कुरकुंभच्या कंपनीत कामाला होता.

"म्हातारा मारायचाय का तुला? चोरून मीठ घालतीस?"

"न्हाई वो. त्यांच्या भाजीत चिमूटभरबी घालत न्हाई."

"मग मशीन खोटं बोलतंय व्हय? पुन्यांदा असं निघालं तर माहेरी घालवीन तुला."

दुसऱ्या दिवशी त्याच लघवीतलं क्रिएटिनिन मोजलं. ते माणसाच्या अंगातल्या मांसाच्या प्रमाणात लघवीत पडतं, आणि आबा तर काडीसारखे. आकडा मात्र एखाद्या पैलवानाला शोभावा असा आला. मी परत वस्तीवर गेलो. मुलगा दारातच गाडी पुसत होता.

"आबा, कॅनमध्ये फक्त तुमचीच होती ना?"

"माझी कुठं पुरतीय? निम्म्यालाबी पोचली न्हाई. डेरीला कुनी दुधाचा अर्धा कॅन नेतं का, सायेब? लाज वाटती. म्हनून पोराला म्हनलं, भर वरपर्यंत."

मुलाच्या हातातलं फडकं थांबलं. "आबांनीच सांगितलं," तो म्हणाला.

दोघांची एकत्र झालेली लघवी मी दिवसभर हाताळली होती, पण किळस आली ती त्याची नव्हे. कंपनीच्या कॅन्टीनचं आणि फरसाणाचं स्वतःचं मीठ त्यात ओतून हा माणूस बायकोला माहेरी घालवायला निघाला होता.

मी नवा कॅन दिला. "आबा, तळाशीच राहिली तरी चालेल. पण तुमचीच."

"डेरीवाल्यानं हाकललं असतं मला," आबा म्हणाले.

या वेळी कॅन अर्ध्याहून कमी भरला आणि सोडियम अगदी थोडं निघालं. दाबाचं कारण आता डॉक्टरांना दुसरीकडे शोधावं लागणार होतं. रिपोर्ट घेऊन गेलो तेव्हा सून चुलीपाशी होती. मुलगा बाहेर ओट्यावर बसला होता. मी हळू आवाजात सांगू लागलो.

"दादा, जरा मोठ्यानं वाचा," ती म्हणाली. "ओट्यावर ऐकू जाऊ द्या."

मी मोठ्याने वाचलं. ओट्यावरून उठून मुलाने गाडी सुरू केल्याचं ऐकू आलं. सुनेने चहाचा कप माझ्यापुढे ठेवला. हात दोनदा धुऊनही मला तो प्यायला जड गेला.